मोटारीचा फाटका आवाज

दुपारी एकच्या सुमारास पर्वत पाटियाच्या मागच्या गल्ल्यांतून जो कोणी चालत जाईल, त्याला एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. दारे उघडी असतात, दारांवर पडदे ओढलेले असतात, आणि आत धडधाकट माणसे गाढ झोपलेली असतात. परगावच्या पाहुण्याला वाटावे, काय ही माणसे आळशी! पण ती रात्रभर उभी राहून आलेली असतात. सुरतेत यंत्रमागाची पाळी बहुधा बारा तासांची. संध्याकाळी मागावर गेलेला माणूस सकाळी सुटतो, घरी येऊन आंघोळ करतो, भाकरी खातो आणि नऊ-दहाच्या पुढे त्याचा डोळा लागतो. आपली दुपार ती त्याची मध्यरात्र. नंदुरबार, शहादा, अमळनेर या बाजूंकडून येऊन येथे स्थिरावलेली आपली खानदेशी मंडळी लिंबायत, गोडादरा, उधना, डिंडोली आणि आमचा पर्वत पाटिया या भागांत पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे घड्याळ असे उलटे चालते.

अशाच एका दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आवाज उठला. जाड मांजरपाट कोणी टराटरा फाडीत न्यावा, तसा. गल्लीतली तान्ही मुले रडू लागली, आणि समोरच्या खोलीत रात्रपाळी करून झोपलेला एक तरुण डोळे चोळीत बाहेर आला. तो काही बोलला नाही, ओट्यावर बसून राहिला. मला ते बोलण्यापेक्षा अधिक लागले.

गाडी आमच्या शेजारच्याच मुलाची होती. मुलगा कष्टाळू. बाजारात पार्सलांचे काम करून त्याने चार सिलिंडरांची एक जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि हौसेने एका दुकानात तिची सगळी धूरनळी बदलून घेतली. मी आयुष्यभर तंत्रशाळेत मुलांना इंजिने शिकविली, हे त्याला ठाऊक. संध्याकाळी तो स्वतःच आला आणि म्हणाला, ‘‘आप्पा, मला खाली बसलेला, खर्जातला आवाज हवा होता. हा तर तीन हजार फेऱ्यांच्या पुढे नुसता फाटतो. माझ्याच कानाला लागतो. काही इलाज आहे का?’’

मी म्हटले, ‘‘इलाज आहे. पण गल्लीला हा आवाज सोसत नाही, हे तुला कोणी सांगितले नाही काय?’’

तो म्हणाला, ‘‘बाबांना तर आवाज चांगला वाटतो. ते म्हणतात, धडधड छान येते, फाटत-बिटत काही नाही.’’

या शेवटच्या वाक्याकडे मला पुढे परत यावयाचे आहे. तूर्त आवाज फाटतो म्हणजे काय होते, ते पाहू.

श्रोतेहो, इंजिनात पेट्रोलचा भडका उडून दट्ट्या खाली गेला, की धूर बाहेर जाण्याची झडप उघडते. त्या क्षणी सिलिंडरात अद्याप पुष्कळ दाब शिल्लक असतो. तो वायू नळीत एकदम झेप घेतो, आणि ही झेप म्हणजेच आवाज. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्यात अशा दोन झेपा पडतात. मिनिटाला 3000 फेरे असतील तर सेकंदाला पन्नास फेरे, म्हणजे सेकंदाला 100 झेपा. हा झाला गाडीचा मूळ स्वर, आणि तो खालचाच आहे. पण कोणताही स्वर एकटा येत नाही. शंभराबरोबर दोनशे, तीनशे, चारशे अशी त्याच्या पटीतली कंपने येतात. तंबोऱ्याची जवारी ज्यांनी लावली आहे त्यांना हे सांगावयास नको. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण त्या वरच्या स्वरांनाच जागे करतो. दोरा योग्य जागी बसला तर तार गाते, चुकला तर नुसती खरखर होते. मोटारीच्या बाबतीतही खाली खर्ज असतो, तो माणसाला गोड लागतो. वर हजार, दोन हजार, चार हजार कंपनांचा जो गोंगाट माजतो, त्याला आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो. माणसाचा कान सर्वांत तिखट आहे तो साधारण दोन ते पाच हजार कंपनांच्या टापूत. म्हणून या आवाजाचा जोर मोजमापात थोडका भरला, तरी तो कानाला कातरतो.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा हे वरचे स्वर मारण्याची पुरती तजवीज केलेली असते. इंजिनाच्या जवळ धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असतात. विषारी वायू निरुपद्रवी करणे हे त्याचे खरे काम. पण त्या बारीक छिद्रांतून जाताना आवाजाची धारही बोथट होते. मध्ये एक लहान डबा असतो, त्याला गॅरेजवाले रेझोनेटर म्हणतात, आणि शेवटी मोठा सायलेन्सर. आमच्या मुलाच्या गाडीतून दुकानदाराने हे तिन्ही काढले होते. कन्व्हर्टरसकट मूळ मॅनिफोल्ड गेले, त्याच्या जागी पातळ पत्र्याच्या चार नळ्यांचे हेडर आले. पुढे सरळसोट नळी, आणि शेवटी ताटाएवढ्या तोंडाची चकचकीत पुंगळी.

सरळ, लांब नळीत आणखी एक गंमत घडते. डुमसच्या किनाऱ्यावर लाटा पाहिल्या असतील, तर लाटेचा माथा पायथ्याला गाठतो, पुढे झुकतो आणि फुटतो, हे आपल्याला ठाऊक आहे. नळीतल्या दाबाच्या लाटेचेही काहीसे तसेच होते. तीव्र लाटेचा माथा अधिक तापलेला असतो म्हणून तो जलद धावतो, पायथा मागे रेंगाळतो, आणि जसजसे अंतर वाढते तसतशी लाटेची कड उभी होत जाते. कड जितकी उभी, तितके वरचे स्वर अधिक. अडथळा नसलेली नळी आवाज नुसता वाहून नेत नाही, त्याला वाटेत धारही लावते. त्यातून पत्रा पातळ असला तर नळीचे अंगच थरथरू लागते. हेडरच्या चार नळ्या कमीजास्त लांबीच्या असल्या तर झेपाही समान अंतराने पडत नाहीत, लंगडत येतात.

आता इलाज. येथे बहुतेकांची पहिली चूक अशी होते, की घुमणे आणि फाटणे हे दोन रोग ते एकच समजतात. महामार्गावर एका ठरावीक वेगाला गाडीच्या आत जो ‘घूं’ असा आवाज कोंडतो, तो खालच्या एका स्वराचा खेळ आहे. त्याला उपाय म्हणजे नळीला एक बंद तोंडाची शाखा जोडणे. तिची लांबी त्या स्वराच्या लाटेच्या चौथाईइतकी ठेवली, की शाखेतून परतणारी लाट मूळ लाटेच्या उलट पडते आणि दोघी एकमेकींना खातात. धूर साडेतीनशे अंश तापला असेल तर त्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 500 मीटर धावतो. दीडशे कंपनांचा स्वर मारावयाचा तर शाखा 83 सेंटिमीटरांची हवी, अडीचशेचा तर 50ची. हिशेब सुरेख आहे. पण तो एकाच स्वराला लागू पडतो, आणि धुराचे तापमान बदलले की तोही थोडा चुकतो. फाटक्या आवाजात शेकडो स्वर एकाच वेळी ओरडत असतात. तेथे एका शाखेने काय होणार? आमच्या मुलाला कोणीतरी हाच उपाय सुचविला होता, आणि तो पैसे मोजावयास तयारही झाला होता.

दुसरी चूक याहून गमतीची. भांडी घासण्याच्या तारेच्या घासण्या पुंगळीत कोंबण्याची युक्ती सांगणारे महाभाग प्रत्येक गॅरेजच्या बाकावर बसलेले असतात. चार दिवस आवाज दबतो. पाचव्या दिवशी घासणी मागच्या रिक्षावाल्याच्या पायाशी जाऊन पडते, किंवा आतच गोळा होऊन धूर कोंडते. तो नाद सोडावा.

आम्ही प्रथम गळती शोधली. पुष्कळदा फाटण्याचे अर्धे कारण एखाद्या सांध्याच्या पॅकिंगमध्ये असते. रात्रभर थंड झालेली गाडी मोकळ्या जागेत उभी केली. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो, म्हणून तळघरातल्या किंवा बंद दाराच्या पार्किंगमध्ये हे कधीही करू नये. इंजिन सुरू करून एकाने जाड ओल्या कापडाचा बोळा पुंगळीच्या तोंडाशी क्षणभर, तोंड पुरते बंद न करता, दाबून धरला. दुसऱ्याने सांध्यांजवळ कान दिला. हेडर जेथे इंजिनाला मिळते तेथे ‘फस् फस्’ स्पष्ट ऐकू आले, आणि काजळीचा काळा ओघळही दिसला. हा सांधा केवळ आवाजासाठी वाईट नव्हे. त्याच्या पुढे प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. फटीतून बाहेरची हवा आत ओढली गेली की त्याला वाटते पेट्रोल कमी पडते आहे, आणि गाडीचा संगणक विनाकारण पेट्रोल वाढवितो. मुलगा दोन महिने म्हणत होता, गाडी पेट्रोल फार पिते. ती का पीत होती, ते तेथे कळले.

मग खालून सगळी नळी हाताने हलवून पाहिली. अर्थात थंड असतानाच. एका ठिकाणी रबराचा हँगर तुटून नळी गाडीच्या अंगाला टेकत होती. उष्णता अडविण्याचा जो पातळ पत्रा खाली लावलेला असतो, त्याचा एक बोल्ट गळून तो बरोबर तीन हजार फेऱ्यांवर झणझणत होता. हँगर आणि बोल्ट यांना मिळून एका जेवणाइतकाही खर्च आला नाही, आणि आवाजातला एक विद्रूप थर त्याच दिवशी निघून गेला. नवे सामान विकत घेण्याआधी स्पॅनर हातात घ्यावा, हे मी चाळीस वर्षे मुलांना सांगत आलो. ऐकणारे थोडे.

तरी मूळ फाटणे राहिलेच. त्यावर खरा इलाज शोषणाऱ्या डब्याचा. आतून छिद्रांची नळी, भोवती काचतंतू किंवा तसल्याच उष्णता सोसणाऱ्या तंतूंचा भराव, आणि वर डबा. वरच्या स्वरांची बारीक कंपने छिद्रांतून भरावात शिरतात आणि तंतूंशी घासून जिरतात, त्यांची थोडी उष्णता होते इतकेच. दोन-अडीच इंचांचा भराव खर्जाला फारसा अडवीत नाही, फाटक्या आवाजाला अडवितो. म्हणजे मुलाला जे हवे होते, खर्ज राहावा आणि खरखर जावी, ते या डब्याने साधते. डबा नळीच्या शेवटी न बसविता मध्यावर किंवा त्याच्याही पुढे बसवावा, म्हणजे लाटेला धार चढण्यापूर्वीच ती बोथट होते. मात्र भराव कालांतराने जळतो, झिजतो, उडून जातो. नवा असताना गोड वाटणारा सायलेन्सर पुढे पुन्हा फाटू लागतो तो यामुळे, आणि मालक मात्र इंजिनाला दोष देत बसतो.

पण डबा बसविण्यापूर्वी मी एक अट घातली, आणि तिच्यात तडजोड केली नाही. आधी कन्व्हर्टरसह मूळ मॅनिफोल्ड परत बसले पाहिजे. मुलगा कुरकुरला. ‘‘आप्पा, त्याने ताकद दबते असे दुकानात सांगतात.’’ मी त्याला विचारले, पर्वत पाटियाच्या चौकातून कडोदऱ्यापर्यंत जाताना टेंपो, हातगाड्या आणि सिग्नल यांच्या गर्दीत ती उरलेली ताकद तू कोठे वापरणार आहेस? साध्या गाडीत या बदलाने मिळते ते फार थोडे. आणि जे सोडले जाते तो विषारी धूर, तोही पडद्यामागे झोपलेल्या माणसांच्या खिडकीखाली. मूळ मॅनिफोल्ड सुदैवाने दुकानदाराकडे पडून होते. ते बसविल्यावर निम्म्याहून अधिक खरखर डबा न लावताच गेली.

येथे कायद्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 120वा नियम सांगतो, की प्रत्येक मोटारीला प्रसरणाच्या कोठीने किंवा अन्य मार्गाने धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. 1988च्या मोटार वाहन कायद्याचे 52वे कलम मूळ बांधणीत मनमानी फेरफार करू देत नाही. आणि आवाज व धूर यांच्या मर्यादा मोडून रस्त्यावर गाडी चालविणाऱ्याला, 2019च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, होऊ शकतात. महाराष्ट्रातल्या शहरांत जप्त केलेल्या पुंगळ्यांच्या ओळी मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली असतील. तेव्हा मी सांगतो आहे तो खरखर काढण्याचा उपाय म्हणजे बदललेल्या नळीला मिळालेला परवाना नव्हे.

मला मात्र कायद्यातली दुसरीच एक गोष्ट विचारात पाडते. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा घातली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. हे ठीकच आहे. पण आमच्या गल्लीतल्या अर्ध्या माणसांची झोप सबंध त्या ‘दिवसा’त पडते. त्यांच्या मध्यरात्रीला नियमाचे रक्षण दहा डेसिबलांनी कमी, आणि दहा डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट. यावर सरकारने काय करावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. गल्लीतल्या माणसाने काय करावे हे मात्र गल्लीतला माणूस म्हणून मी सांगू शकतो.

आता त्या वडिलांच्या वाक्याकडे येऊ. ‘फाटत-बिटत काही नाही’ असे ते म्हणाले होते. ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी तीस वर्षे धोट्याच्या मागावर काढली आहेत. असल्या खात्यात आवाज सहज नव्वद डेसिबलांच्या पुढे असतो. नव्वद ही मर्यादा आपल्या कारखान्यांसाठी धरतात ती आठ तासांच्या कामासाठी, आणि पाळी बारा तासांची. अशा आवाजाने कान एकदम जात नाही. आधी चार हजार कंपनांच्या आसपासची श्रवणशक्ती जाते, मग खड्डा दोन्ही बाजूंना रुंदावतो. खालचे स्वर पुष्कळ काळ शाबूत राहतात, त्यामुळे माणसाला आपण बहिरे होत आहो हे कळतच नाही. लोक पुटपुटतात, नीट बोलत नाहीत, असे त्याला वाटते. कारण स, श, च ही व्यंजने त्याच वरच्या टापूत ऐकू येतात. तेव्हा मुलाने ज्या कानांची साक्ष काढली, त्या कानांना गाडीची धडधड पोचत होती आणि खरखर पोचतच नव्हती. बाहेर येऊन ओट्यावर बसलेला तो तरुण मागावर नवा होता. त्याचे कान अजून चांगले आहेत.

हे मी मुलाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘म्हणूनच टीव्ही इतका मोठा लावतात होय!’’ पुढच्या आठवड्यात तो वडिलांना सरकारी रुग्णालयात घेऊन गेला. तपासणीचा कागद त्याने मला दाखविला. त्यावरची रेघ चार हजारांपाशी खोल खाली गेलेली होती. गेलेले परत येत नाही, डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले. उरलेले राखावे म्हणून कानांत घालावयाचे बोळे आणले आहेत. वडील ते मागावर निम्मा वेळ काढून ठेवतात. म्हणतात, मागाची चाल बिघडली ती आवाजावरून कळावी लागते, बोळे घातले की माग परका वाटतो. या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण मी त्यांना रोज विचारतो.

गाडीचे काम त्यानंतर आठ-दहा दिवसांत पुरे झाले. शोषणाऱ्या डब्याने उरलीसुरली खरखर गेली होती, मुलाला हवा तो खर्ज मिळाला होता, आणि येथे तो थांबेल अशी माझी अटकळ होती. पण तपासणीचा तो कागद पाहिल्यापासून त्याचे मन त्या पुंगळीवरून उडाले होते. मूळ मागचा सायलेन्सर दुकानदाराने केव्हाच भंगारात घातला होता. मुलाने तीन रविवार भंगाराची दुकाने धुंडाळून त्याच जातीचा एक मिळविला, त्याचा तळ सडलेला नाही हे हातोडीने ठोकून पाहिले, आणि मध्ये माझा डबा काढून कारखान्याचाच रेझोनेटर बसविला. डब्याचे पैसे फुकट गेले असे त्याची आई म्हणते, आणि ते खरेच आहे.

दिवाळीत ही मंडळी त्याच गाडीने व्यारा, सोनगढ, नवापूर या रस्त्याने गावी जाऊन आली. निघताना वडील पुढच्या आसनावर बसले होते. गाडी चांगली मिनिटभर चालू होती तरी त्यांनी मुलाला दोनदा विचारले, ‘‘सुरू केलीस का रे?’’ मुलाने त्यांचा हात उचलून समोरच्या फळीवर ठेवला, आणि गियर टाकला.